बारा लिटर कोणाचं?

२०२१ च्या दिवाळीनंतर आम्ही सहावी गाय घेतली. दूध वाढवायचं म्हटलं की आमच्या घरात, खरं तर आमच्या अख्ख्या गावात, एकच उपाय निघतो: अजून एक गाय. पाच होत्या, दूध पुरेना, म्हणून सहावी.

बाजारात तिची कास बघून तात्या (माझे सासरे) हरखले होते. कास टम्म, सड ताठ, चालताना दुधाचे थेंब गळत होते. व्यापारी म्हणाला, बावीस लिटर, हवं तर समोर धार काढून दाखवतो. दाखवलीही. घरी आणल्यावर पहिल्या दिवशी वीस निघालं, चौथ्या दिवशी सोळा, आठवड्याने तेरा. आत्या, म्हणजे सासूबाई, गाय टेम्पोतून उतरताना बघूनच म्हणाल्या होत्या, “हिची कास तुंबवलीय.” बाजाराच्या आदल्या वेळची धार काढायचीच नाही, दोन वेळचं दूध कासेत साठू द्यायचं आणि गिऱ्हाईक आलं की दाखवायचं. हे गोठ्यातल्या बाईला कळतं, पण बाजारात बाई जात नाही. तिचं नाव आजतागायत ‘बाजारवाली’च आहे. महिन्याभरात तिच्या मागच्या उजव्या सडाला दगडी (कासेला सूज आणणारा आजार) झाली, कास तापली, दुधात गाठी आल्या. औषधोपचार झाले, पण तो सड कायमचा आखडला. तीन सडांची गाय बारा-तेरा लिटर देते हे तसं कमी नाही, पण पैसे चार सडांचे आणि बावीस लिटरचे मोजले होते.

त्याच हिवाळ्यात कृषी विज्ञान केंद्राचं दुग्धव्यवसायाचं तीन दिवसांचं शिबिर होतं. यांना ऊसतोडीची गडबड, म्हणून मी गेले. चाळीस जणांत आम्ही बायका चारच. पहिल्या दिवशी नेहमीचं सगळं झालं. १९७० साली सुरू झालेली दूधमहापूर योजना, आणंद, कुरियन, १९९८ पासून आपला देश दूध उत्पादनात जगात पहिला. मग शिकवणारे सर म्हणाले की हा पहिला नंबर मुख्यतः जनावरांच्या संख्येचा आहे. आपल्या संकरित गायीची सरासरी रोजी आठ-साडेआठ लिटरच्या आसपास आणि गावठी गायीची साडेतीनच्या घरात. मी हात वर करून सांगितलं, आमच्या गायी बारा देतात. सांगताना थोडी ऐट होतीच.

सरांनी विचारलं, “बारा कोणाचं, ताई? आज धार काढताय त्या गायींचं, की गोठ्यात वैरण खातायत त्या सगळ्या गायींचं?”

जेवणाच्या सुट्टीत मी वहीच्या मागच्या पानावर मांडलं. बाजारवाली तेरा, लाली अकरा, भुरी चार (ती आटत आली होती). चंद्री, बांडी आणि काळी भाकड. एकूण अठ्ठावीस लिटर, खाणारी तोंडं सहा. भागाकार केला तर पाचसुद्धा येईना. कालवडी तर त्यात धरल्याच नव्हत्या. जेवण गोड लागलं नाही.

घरी आल्यावर कोणती गाय कधी व्यायली ते विचारत सुटले. लिहिलेलं कुठेच नव्हतं. तात्यांच्या डोक्यात होतं, पण ते “शेजाऱ्याची बोअर मारली तेव्हा” किंवा “धाकटीच्या बारशाच्या आधी” अशा भाषेत. बोअर, बारसं, लॉकडाऊन असं जुळवत चार दिवसांनी पान भरलं. बांडीच्या मागच्या दोन वेतांत एकोणीस महिन्यांचं अंतर होतं. चंद्री ऑगस्ट २०२० मध्ये व्यायलेली, आणि मार्च २०२२ उजाडला तरी गाभण नव्हती. फक्त काळी गाभण होती, मे महिन्यात विणार होती.

हिशोब सोपा आहे, पण तो कुणी मांडत नाही. एका वेतात तीन हजार लिटर देणारी गाय एकोणीस महिन्यांनी वीत असेल, तर महिन्याला साधारण एकशे अठ्ठावन्न लिटर पडतं. तीच गाय तेरा महिन्यांनी व्यायली आणि वेतात दोनशे लिटर कमी दिलं, तरी महिन्याला दोनशे पंधरा. शिवाय मधले सहा महिने ती फुकट खात नाही. भाकड गायीवर आमचा तेव्हा दिवसाला दीडशे रुपये खर्च होता. म्हणजे एका गायीमागे सत्तावीस हजार नुसते गव्हाणीत गेले. आमचं दूध कासेतून गळत नव्हतं, तारखांतून गळत होतं.

हे कळायला आठवडा लागला. दुरुस्त करायला दीड वर्ष लागलं, आणि ते दीड वर्ष सांगायचं म्हणजे बरंचसं कंटाळवाणं आहे.

आधी चंद्री. तिला पाच वेळा भरवलं होतं, म्हणजे रेतन केलं होतं, पाचही वेळा उलटली होती, गाभण राहिली नव्हती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात घालून तपासलं आणि म्हणाले, “अंडाशय वाटाण्याएवढं झालंय. ही माजावर येतेय हेच नवल. खायला काय घालता?” मी सांगितलं, वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. आमचा पट्टा उसाचा. कारखाने चालू झाले की नोव्हेंबरपासून चार-पाच महिने फडातलं वाढं मिळतं, स्वस्त आणि हिरवंगार. गायी आवडीने खातात, आपल्यालाही पोटभर घातल्याचं समाधान. डॉक्टरांनी सांगितलं ते मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते चारा-पेंडीतल्या कॅल्शियमला धरून ठेवतं आणि ते अंगी न लागता शेणावाटे निघून जातं. नुसत्या वाढ्यावर गाय जगते, दूधही काही दिवस देते, पण ते स्वतःच्या हाडांतून काढून देते. मग ती माजावर येत नाही, आली तर गाभण ठरत नाही, व्यायली तर जार (वार) अडकते नाहीतर दुसऱ्या दिवशी उठत नाही. आमच्याकडे हे सगळं होत होतं, आणि दर वेळी आम्ही वेगवेगळ्या गोष्टींना दोष देत होतो. एकदा तर दृष्ट काढून झाली होती.

त्यांनी कुठलंही महागाचं इंजेक्शन दिलं नाही. जंताचं औषध, रोज पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण, वाढं निम्म्यावर आणायचं आणि जे घालायचं त्यावर चुन्याची निवळी शिंपडायची. तीन महिने वाट बघायची. या ‘वाट बघा’वर घरात सगळ्यात जास्त भांडणं झाली. भाकड गायीला शंभर रुपये किलोच्या वर भावाची पावडर चारायची, हे तात्यांना पटण्यासारखं नव्हतंच.

दुसरी गोष्ट माज, म्हणजे गाय भरवण्याजोगी झाल्याची वेळ, ओळखण्याची. गाय एकवीस दिवसांनी माजावर येते हे सगळ्यांना माहीत असतं. पण तो माज बारा ते अठरा तासच टिकतो आणि बऱ्याचदा रात्री सुरू होतो. आपण बघतो सकाळी सातला, धार काढताना. तोपर्यंत निम्मा गेलेला असतो. उन्हाळ्यात या होल्स्टिनच्या संकरित गायी मुका माज दाखवतात, हंबरत नाहीत, उड्या मारत नाहीत. मी भिंतीवर कॅलेंडर टांगलं, प्रत्येक गायीचा एकविसावा दिवस लाल पेनने गोल केला, आणि त्याच्या आगेमागे दोन-दोन दिवस रात्री दहाला आणि पहाटे पाचला बॅटरी घेऊन गोठ्यात जायला लागले. शेपटीखाली काचेसारखा स्वच्छ सोट (चिकट स्राव) लोंबतोय का, शेपटीच्या मुळाशी तो वाळून चिकटलाय का, एवढंच बघायचं. पहाटे दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

आणि भरवायला येणारे. आमच्याकडे त्यांनाही डॉक्टरच म्हणतात. रेतनाची कांडी, म्हणजे वळूचं गोठवलेलं वीर्य भरलेली नळी, द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर असते. ती बाहेर काढल्यावर ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची, असं शिबिरात शिकवलेलं. आमच्याकडे येणारा मुलगा मोटारसायकलवरून उतरायचा, कांडी काढायचा, दोन वेळा झटकायचा, काखेत धरायचा आणि मोबाईलवर बोलत बोलत कामाला लागायचा. वळूचा नंबर कुठेही लिहिलेला नाही. एकदा मी पितळी तपेलीत कोमट पाणी आणि वरच्या कपाटातला थर्मामीटर घेऊन उभी राहिले. तो हसला. “ताई, हा माणसाच्या तापाचा आहे.” म्हटलं, सदतीस सदतीसच असतं. त्यानंतर तो यायचं टाळू लागला. मग आम्ही दुसरा माणूस शोधला. तो बारा किलोमीटरवरून येतो, पन्नास रुपये जास्त घेतो, पण कांडीवरचा नंबर माझ्या वहीत स्वतःच्या हाताने लिहितो.

चंद्री जुलै २०२२ मध्ये ठरली. बांडी ऑगस्टमध्ये. दोन महिने उलटून गेल्यावर डॉक्टरांनी तपासून “आहे” म्हटलं तेव्हा आत्यांनी गोठ्यातच हात जोडले.

मधल्या काळात गायी सोडल्या. म्हणजे दाव्यातून. गोठ्यापुढच्या मोकळ्या जागेला पाइप आणि जुन्या तारेचं कुंपण घातलं, एका कडेला पाण्याचा हौद, कडुनिंबाखाली सावली, आणि गायी मोकळ्या. तात्या म्हणाले होते की शिंगं मारून एकमेकींना फाडतील. पहिल्या रात्री खरंच धुमश्चक्री झाली, मी आणि हे दोघंही काठ्या घेऊन अकरापर्यंत बसलो. दुसऱ्या रात्री कमी. चौथ्या दिवशी त्यांचं त्यांनी ठरवून टाकलं होतं: काळी आधी पाणी पिणार, बाजारवाली सगळ्यात शेवटी. आठवड्याने लालीचं दूध सव्वा लिटरने वाढलं. चारा तोच, पेंड तीच. मी चक्रावले, मग लक्षात आलं. दावणीला असताना आम्ही त्यांना दोनदा पाणी पाजत होतो, आमच्या सवडीने. एक लिटर दुधामागे गायीला चार-पाच लिटर पाणी लागतं. आता ती रात्री दोन वाजताही हौदावर जाते. दुधाचा सगळ्यात स्वस्त कच्चा माल आम्ही मोजूनमापून देत होतो!

मुरघासाचं, म्हणजे हवाबंद आंबवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याचं, सांगितलंच पाहिजे, कारण तिथे मी आपटले. वाढं कमी करायचं तर त्याजागी काहीतरी हवं. तीन एकरांतला वीस गुंठे ऊस मोडून जूनमध्ये मका केला. ऊस मोडणं म्हणजे आमच्याकडे घरातली भिंत पाडण्यासारखं. कारखान्याचं बिल उशिरा येतं, पण येतं, आणि ते एकरकमी येतं. कणसं चिकात आल्यावर सप्टेंबरात कापला, कुट्टी केली, पिशव्या भरल्या. नेमका पाऊस. मजूर निघायच्या घाईत होते, दोन पिशव्या आम्ही नीट तुडवल्याच नाहीत. पंचेचाळीस दिवसांनी उघडलं. चांगल्या पिशवीतला मुरघास सोनेरी पिवळसर, आंबूस गोड वासाचा, गायी धावत आल्या. त्या दोन पिशव्यांतला काळा, वर पांढरी बुरशी, हातात धरला तर गरम लागत होता. एका पिशवीला उंदरानेही भोक पाडलेलं. दोन टन उकिरड्यावर टाकले. तात्या काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

त्याच सप्टेंबरात लम्पी हा जनावरांचा त्वचारोग आला. बाजार बंद, जनावरांची ने-आण बंद, शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचायला सुरुवात. आमच्या गावात लस आली तोवर लालीच्या अंगावर गाठी उठल्या होत्या. ती वाचली, दूध मात्र निम्म्यावर आलं. काळीची चार महिन्यांची कालवड गेली. ती मोकळ्या गोठ्यात जन्मलेली पहिली. तिच्याबद्दल इतकंच.

आटवण्यावरून झालेली लढाई मात्र मी जिंकले. तात्यांची पद्धत अशी की देतेय तोवर काढायचं, विण्याच्या पंधरा दिवस आधीपर्यंत. डॉक्टरांचं म्हणणं, साठ दिवस कासेला विसावा हवा. लाली सहा लिटर देत असताना मी धार बंद करायचं ठरवलं. रोजचे सहा लिटर डोळ्यांदेखत सोडून द्यायचे! पेंड तोडली, चारही सडांत औषधाच्या नळ्या सोडल्या, कास आठवडाभर फुगलेली दिसली की आत्या कासावीस व्हायच्या. “अगं, दुखत असंल तिला.” मलाही वाटायचं. पुढच्या वेतात लाली पंधरावर गेली आणि मग घरात तो विषय निघाला नाही.

जुलै २०२३ ला गोठ्यात सहापैकी पाच गायी दुधात होत्या. एकूण एकसष्ट लिटर. गोठ्याची सरासरी दहाच्या वर. त्याच महिन्यात सरकारने गायीच्या दुधाला, ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), ३४ रुपये किमान दर जाहीर केला. मी मनातल्या मनात विहिरीवरची मोटार बदलून टाकली.

डेअरीवर मात्र आमची फॅट ३.२ लागायला लागली. प्रत्येक पॉइंट खाली आला की दर कापला जातो. मशीनवर संशय घेऊन झाला, शेजारच्या गावात नमुना नेऊन झाला, तिथेही ३.२. दोष आमचाच होता. दूध वाढलं म्हणून गोळी पेंड वाढवली होती आणि कडबा कमी झाला होता. शिवाय कुट्टी मशीनचं पातं नवं, कुट्टी भुग्यासारखी बारीक होत होती. गाय रवंथच करेना. कुट्टी दीड-दोन सेंटीमीटरची ठेवली, सकाळी आधी कडबा आणि मग पेंड अशी पाळी लावली. तीन आठवड्यांनी ३.६. दूध लिटरभर कमी झालं, पैसे वाढले.

आणि मग डिसेंबर उजाडेपर्यंत दरच सव्वीस-सत्तावीसवर आले. हिवाळ्यात सगळ्यांचंच दूध वाढतं, भुकटीचा भाव पडलेला. एकसष्ट लिटरचं दहा दिवसांचं बिल माझ्या हातात होतं आणि त्यातून पेंडीचे पैसे वळते करून उरलेला आकडा मी दोनदा वाचला. दूध दुपटीहून जास्त झालं होतं, घरात येणारा पैसा दुप्पट झाला नव्हता. हे कुठल्या शिबिरात सांगत नाहीत. दूध वाढवायचं सगळं माझ्या हातात होतं असं नाही, पण बरंचसं होतं. दर ठरवायचं काहीच नव्हतं. त्या हिवाळ्यात ज्यांनी नव्या गायी कर्ज काढून घेतल्या होत्या त्यांचे गोठे रिकामे झाले. आम्ही टिकलो याचं कारण एवढंच की आमची एकही गाय भाकड बसून खात नव्हती.

२०२४ च्या जानेवारीत लिटरमागे पाच रुपये अनुदान आलं, पण ते कानातल्या बारा आकडी बिल्ल्याशी आणि बँक खात्याशी जोडलेलं. भुरीचा बिल्ला कुठेतरी तारेत अडकून तुटला होता. तिचं दूध डेअरीला चालत होतं, अनुदानाला चालत नव्हतं. नवा बिल्ला मारून नोंद दिसेपर्यंत महिना गेला. डेअरीचं खातं तात्यांच्या नावावर, बँकेचा मेसेज त्यांच्या फोनवर, तो फोन यांच्या खिशात, आणि बिल्ल्यांचे नंबर माझ्या वहीत. चौघांना एका जागी आणायलाच दोन दिवस लागायचे.

चंद्रीच्या मोठ्या कालवडीला लिंगनिश्चित रेतन करून बघितलं. शंभरातल्या नव्वदांना कालवडच होते म्हणतात. आम्हाला गोऱ्हा झाला. गोठ्यात गोऱ्ह्याचं काय करायचं हा प्रश्न आता कोणाच्याच गोठ्यात सुटत नाही. बैलजोडीची गरज उरलेली नाही आणि २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर त्याला गिऱ्हाईकही नाही. तो आहे, खातो, आत्यांच्या मागे मागे फिरतो. माझ्या भागाकारात त्याचं तोंड धरायचं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही.

परवा बांडीचा एकविसावा दिवस आहे. मागच्या वेळी भरवली होती, ठरली असेल तर काही दिसणार नाही, उलटली असेल तर पहाटे सोट दिसेल. नेमकी त्याच दिवशी नणंदेच्या नव्या घराची वास्तुशांत आहे, सगळ्यांना आदल्या रात्रीच मुक्कामाला बोलावलंय. काल रात्री जेवताना मी हे यांच्या कानावर घातलं. तात्या ताटातून मान वर न करता म्हणाले, “तुम्ही जा सगळी. मी थांबतो. बॅटरीचे सेल तेवढे बदलून ठेव.”